अळणी चातुर्मास

पारनाका, कल्याण
९ नोव्हेंबर १९५१

ताई,

दिवाळीला तू आली नाहीस म्हणून मी रुसले होते. पण आता रुसून बसायला सवड नाही, कारण बातमीच तशी आहे. माईंच्या मते मला दिवस गेलेत.

'माईंच्या मते' असं लिहिते, कारण अजून कुणाला दाखवलेलं नाही. हे म्हणतात, सख्खी बहीण ठाण्यात डॉक्टरीण असताना कल्याणात कुणाकडे जायचं? आणि माई म्हणतात, इतकी बाळंतपणं पाहिलेल्या सासूला डॉक्टर कशाला हवा? मला आपलं दोघांचंही पटतं.

पाळी चुकलीय. सकाळी उठलं की मळमळतं. डोहाळे विचारशील तर हसशील. बायकांना आंबट लागतं, मला खारट. लोणच्याच्या बरणीतला खार मी चमच्याने पिते. परवा माईंनी मला मिठाच्या मडक्यापाशी पकडलं, तोंडात खडे मीठ! वाटलं, आता ओरडा बसणार. तर त्यांनी माझी दृष्टच काढली. तीही मीठ-मोहऱ्यांनी. खरं सांगू, ते मीठ चुलीत पडलं तेव्हा माझा जीव हळहळला.

रंग मात्र पार गेला गं. फराळाला आलेल्या बायका माईंना विचारत होत्या, सून शेतावर जाते का तुमची? माईंनी ठणकावून सांगितलं, "पोरगा आईचं तेज ओढून घेतोय. मुलगाच आहे." हे शहाडच्या कारखान्यातून घरी येतात आणि चहा निवेपर्यंत माझ्याकडे बघत बसतात. काही बोलत नाहीत. बोलायचं असतं तेव्हा कधी बोललेत म्हणा.

तुझ्या त्या इस्पितळातल्या बायकांची बाळंतपणं जरा दुसऱ्या कुणाला करू दे आणि मला भेटून जा.

तुझी
हेमा

* * *

नौपाडा, ठाणे
१४ नोव्हेंबर १९५१

हेमा,

पत्र वॉर्डातच वाचलं आणि सिस्टरला उगाचच पेढे कबूल करून बसले. आई असती तर आज काय केलं असतं तिने!

आम्ही इथे दोघीच डॉक्टरणी, त्यातली एक रजेवर. त्यामुळे लगेच येता येत नाही. तोवर दूध घे, पालेभाजी खा, दुपारी पड. माईंनी काम सांगितलं तर खुशाल माझं नाव सांग. आणि तो खार पिणं बंद. या दिवसांत फार मीठ खाल्लं की पायांवर सूज येते, नको ते होऊन बसतं. मीठ बेताने.

रंगाचं मनावर घेऊ नकोस. पुष्कळ जणींचा चेहरा काळवंडतो, बाळंतपणानंतर उजळतो.

ताई

* * *

कल्याण
२० डिसेंबर १९५१

ताई,

तू लिहिलंस तसं मीठ कमी केलं. पण जमत नाही गं. कमी केलं की हातापायांतला जीवच जातो. चार दिवस सोसलं, मग चोरून खायला लागले.

गेल्या आठवड्यात देवाला फुलं वाहून उठले आणि डोळ्यांपुढे अंधार आला. शुद्धीवर आले तेव्हा डोकं माईंच्या मांडीवर. बसलेली असले की बरी असते, उभी राहिले की भोवळ येते. उलट्या सकाळच्याच नाहीत, दिवसभर आहेत. बायका म्हणतात आता अंग भरायला हवं. माझ्या बांगड्या कोपरापर्यंत सरकतात.

अजून एक सांगते, हसू नकोस. तळहातावरच्या रेषा काळ्या झाल्यात, कुणी शाईत बुडवून टाक फिरवल्यासारख्या. चिंच लावून घासते, जात नाहीत. तुझी फुलबाजी माझ्या मनगटाला लागली होती तो डाग आठवतो? पांढरा होता, तो आता काळा कुळकुळीत. हिरड्यांवरही ठिपके आलेत. काल माईंनी कामवाल्या रंगूबाईला मुद्दाम बाहेर पाठवलं आणि हळूच विचारलं, "हेमा, तिच्याबरोबर मिशेरी लावतेस का गं? लावत असलीस तर सांग. मी रागावणार नाही." मला हसू आलं, आणि मग रडूच आवरेना. त्या बिचाऱ्या माझे डोळे पुसत म्हणाल्या, "लाव हो, लाव. त्यात काय एवढं!"

त्यांनी जुन्या पातळांची दुपटी शिवायला घेतलीत. मी मदत करत नाही. आळस नाही गं, सुई धरली तरी हात गळून जातो.

पोट अजून दिसत नाही. पहिलटकरणीचं उशिरा दिसतं ना?

हेमा

* * *

ठाणे
२२ डिसेंबर १९५१

हेमा,

तुझं पत्र वाचून कोटाच्या खिशात ठेवलं, वॉर्डात फिरून आले आणि पुन्हा काढून वाचलं.

घाबरू नकोस, पण सांगते ते नीट कर. चिंच लावू नकोस. मीठ हवं तेवढं खा, आधी लिहिलेलं विसर. एकटी उठू नकोस. सोमवारी मी येते. माझ्याबरोबर रक्तदाब मोजायचं यंत्र असेल, माईंना सांगून ठेव म्हणजे त्या दचकणार नाहीत. मधुसूदनरावांना रजा काढायला सांग. कदाचित तुला मुंबईला आमच्या सरांकडे न्यावं लागेल.

आई आजारी असताना तुझ्या गळ्याला गाठी आल्या होत्या. त्या कशा बसल्या ते मला नीट आठवत नाही. मावशीला विचारते आहे.

ताई

* * *

ठाणे
१९ जानेवारी १९५२

मधुसूदनराव,

मुंबईच्या इस्पितळात सरांनी तुम्हाला जे सांगितलं ते इंग्रजीत होतं आणि घाईत होतं. तुम्ही मान हलवत होता, पण तुमच्यापर्यंत काही पोचलं नसावं असं मला वाटलं. म्हणून सगळं पुन्हा लिहिते.

हेमाला दिवस गेलेले नव्हते. आजारामुळे पाळी थांबली होती.

आपल्या मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या दोन लहान ग्रंथी असतात. त्यांच्या रसामुळे अंगातलं मीठ अंगात टिकतं, दाब टिकतो, माणूस उभा राहतो. हेमाच्या दोन्ही ग्रंथी क्षयाने खाऊन टाकल्या आहेत. आमची आई ज्या क्षयाने गेली तोच हा. हेमाच्या गळ्यात गाठी आल्या, त्या बसल्या, आणि आम्ही समजलो की संपलं. तो आत जाऊन बसला होता. तिच्या अंगातलं मीठ लघवीवाटे वाहून जात होतं, म्हणून तिचं शरीर मीठ मागत होतं. आपण त्याला डोहाळे म्हटलं, आणि मी तर तिला मीठ तोडायला सांगितलं. रंग काळवंडणं, हातावरच्या रेषा, हिरड्यांवरचे ठिपके, सगळं ह्याच आजाराचं. ह्याला ॲडिसनचा रोग म्हणतात. मी तो पुस्तकात वाचला होता. माणसात पहिल्यांदा पाहिला, तो सख्ख्या बहिणीत.

ह्यावर उपाय आहे, पण बरं होणं नाही. तेलातलं एक इंजेक्शन दिवसाआड द्यायचं, तुमच्या टिपणीस डॉक्टरांना मी सविस्तर लिहिलं आहे. क्षयाची इंजेक्शनं वेगळी. आणि रोज जेवणातल्या मिठाखेरीज चमचाभर मीठ पाण्यात विरघळवून. हे मीठ औषध आहे, आणि इंजेक्शनाइतकंच महत्त्वाचं आहे. उपास अजिबात नाही. साधा ताप आला, जुलाब झाले, तरी मला तार करा. इतरांचा ताप अंगावर निघून जातो, तिचा जाणार नाही. अमेरिकेत कॉर्टिझोन नावाचं नवं औषध निघालं आहे. सर ते मिळवायच्या खटपटीत आहेत.

किती वर्षं, असं तुम्ही विचारलंत तेव्हा सर दुसरीकडे बघू लागले. मी सांगते. सगळं नीट चालू राहिलं तर काही वर्षं. मुलाचा विचार मनातून काढा, बाळंतपण तिला झेपायचं नाही.

हेमाला फक्त एवढंच कळू दे की दिवस नव्हते आणि आजारावर औषध आहे. बाकीचं तुमच्या-माझ्यात राहू दे. माईंना कसं सांगायचं ते तुम्ही ठरवा.

प्रमोदिनी

* * *

कल्याण
२८ जानेवारी १९५२

ती. ताईंस,

आपलं पत्र कारखान्याच्या कचेरीत मिळालं. घरी नेलं नाही.

माईला मीच सांगितलं. आजार आहे, मोठा आहे, औषध आहे, एवढंच. शिवलेली दुपटी तिने ट्रंकेच्या तळाशी ठेवली, वर स्वतःची लुगडी घातली आणि झाकण लावलं. दिवस नव्हते हे कळल्यावर हेमा म्हणाली, "मग मी सगळ्यांना फसवलंच की." माई तिथेच होती. ती म्हणाली, "तू कुठे काय म्हणालीस? म्हणाले मी. फसवलं असेल तर मी फसवलं."

टिपणीसांकडे दिवसाआड इंजेक्शनाला माईच तिला नेते. वाटेत काळ्या तलावाशी बसवून दम खाऊ देते. पहिल्याच आठवड्यात हेमाच्या उलट्या थांबल्या. आता ती भाताला हात लावते. मला हे सगळं जादूसारखं वाटतं.

एक गोष्ट आपल्याला कळवावी की नाही याचा विचार करत होतो. काल डोंबिवलीहून त्र्यंबककाका आले होते. ओटीवर बसून, आवाज जराही न उतरवता म्हणाले, "वहिनी, वंश बुडवायचा आहे का? मुलगी रोगी निघाली. ठाण्याला बहीण डॉक्टरीण आहे, तिच्याकडे पाठवून द्या. मधूला अजून मुली सांगून येतील." मी उठलो होतो. तेवढ्यात माई आतून ताकाचं भांडं घेऊन आली, त्यांच्यापुढे ठेवलं आणि म्हणाली, "भावजी, हे प्या आणि मिळेल त्या गाडीने जा. माझी सून आजारी आहे. घरात मोठ्याने बोललेलं तिला सोसत नाही."

काका गेले. हेमाने आतून सगळं ऐकलं असावं.

मधुसूदन

* * *

कल्याण
१६ एप्रिल १९५२

ताई,

तू मला बघायला हवंस! वजन वाढलंय. काल मी नि माई चालत खाडीपर्यंत जाऊन आलो, वाटेत कुठेही न बसता. हातावरच्या रेषा फिकट होताहेत. रोज सकाळी ते मिठाचं पाणी पिते तेव्हा माई समोर उभ्या राहतात, पेला उलटा करून दाखवावा लागतो. शाळेत होते तशी वाटते मला.

माई माझं किती करतात हे तुला पत्रात सांगता यायचं नाही. आई गेली तेव्हा मी लहान होते, मला तिचा आवाजसुद्धा आठवत नाही. आता कुणी 'आई' म्हटलं की मला माईंचाच आवाज ऐकू येतो. तुला वाईट वाटेल का हे वाचून?

आता विचारते. ह्यांना विचारलं तर हे खिडकीबाहेर बघतात. म्हणून तुला. मला मूल होईल का गं? आत्ता नाही. दोन वर्षांनी, चार वर्षांनी. माईंनी ती दुपटी जपून ठेवलीत. मला माहीत आहे कुठे.

हेमा

* * *

ठाणे
२१ एप्रिल १९५२

हेमा,

वाईट कशाला वाटेल? मलाही आईचा आवाज पुसटच आठवतो. तुला कुणीतरी मिळालं हे चांगलंच झालं.

सगळं होईल. आधी अंग धरू दे, मग बाकीच्या गोष्टी. एवढी घाई काय आहे? तू फक्त इंजेक्शन आणि मीठ चुकवू नकोस.

ताई

* * *

कल्याण
८ जुलै १९५२

ताई,

आषाढी एकादशीपासून माईंनी चातुर्मास अळणी धरलाय. चार महिने मीठ नाही. आमटी नाही, लोणचं नाही, पापड नाही. भात आणि दूध, नाहीतर भाकरी आणि गूळ.

मी विचारलं, "माई, ह्या वयात हे कशाला?" आधी सांगेनात. मग म्हणाल्या, "मी देवाला म्हटलंय, पोरीचं अंग मीठ मागतं ना? मग माझ्या वाटणीचं घे आणि तिला दे."



आता रोज काय होतं ते ऐक. मी पानावर बसते. आमटी, भाजी, कोशिंबीर, आणि सकाळचं ते मिठाचं पाणी आधीच झालेलं. आणि समोर त्या कोरडी भाकरी चावत असतात. घास घशात फिरतो त्यांच्या, मला दिसतं. माझं मीठ त्यांच्या तोंडातून काढून माझ्या तोंडात घातल्यासारखं वाटतं. मी म्हटलं, तुमचं होईपर्यंत मी थांबते. तर म्हणाल्या, "तू समोर जेवलीस की मला खाल्ल्यासारखं वाटतं."

तू त्यांना लिही ना, असं काही करायची जरुरी नाही म्हणून. तुझं ऐकतील त्या.

हेमा

* * *

ठाणे
१३ जुलै १९५२

हेमा,

मी कशी लिहू? व्रत मोडा म्हणून सांगितलं तर त्या माझं ऐकतील, आणि मग तुला काही झालं तर जन्मभर म्हणतील, मोडलं म्हणून झालं. धरू दे त्यांना. चार महिने अळणी खाऊन धडधाकट बाईला काही होत नाही. त्यांच्या अळण्याने तुझंही काही बिघडत नाही.

तू मात्र तुझं मीठ चुकवू नकोस. त्यांचं व्रत आहे, तुझं औषध आहे. दोन्ही वेगळी ठेव.

इथे पावसाने रस्ते गेलेत, बायका ऐन वेळी डोलीतून येतात. श्वास घ्यायला फुरसत नाही.

ताई

* * *

कल्याण
१५ ऑगस्ट १९५२

ताई,

आज सकाळी चौकात झेंडावंदन झालं. ह्यांना सुट्टी. घरात गणपतीची झाडलोट चाललीय, माई मला कशाला हात लावू देत नाहीत.

मीठ घेतेस ना, म्हणून प्रत्येक पत्रात विचारतेस. घेते गं बाई. इंजेक्शनही चालू आहे. हल्ली माई पेला बघायला येत नाहीत, त्यांचा विश्वास बसलाय माझ्यावर. आणि जेवायला आम्ही दोघी बरोबरच बसतो. आधी मला त्यांच्यासमोर जेववत नव्हतं, आता काही वाटत नाही. छान चाललंय.

हरतालिकेचा उपास मी करू का, म्हणून विचारलं होतं. माई अशा काही अंगावर आल्या! "उपास नाही, म्हणजे नाही. डॉक्टरांनी काय सांगितलंय?" आता त्याच डॉक्टर झाल्यात.

हात जरासे काळवंडलेत पुन्हा. चुलीचा धूर असेल. थकवा येतो संध्याकाळी, पण घरात काम कमी आहे का? तू एवढ्यात येऊ नकोस, पाहुणे आहेत. गौरी गेल्या की ये, निवांत बोलू.

हेमा

* * *

कल्याण
१४ सप्टेंबर १९५२

ती. ताईंस,

तेरावं झालं. आपण अकराव्यालाच परत गेलात, ते बरं केलंत. इथे माणसं फार होती.

आपण येऊन पोचायच्या आधी काय झालं ते नीट सांगायचं राहून गेलं. गौरी विसर्जनाच्या दिवशी सकाळी हेमाला थंडी वाजली. तिने कुणाला सांगितलं नाही. आरतीला उभी राहिली. आरती संपताना माझ्याकडे बघून हसली आणि खाली बसली, मग आडवीच झाली. अंग तापलं होतं. दुपारपासून उलट्या. टिपणीसांनी येऊन इंजेक्शन दिलं, दाब मोजला, परत मोजला, आणि मला म्हणाले, "ठाण्याला तार करा, आत्ता." पुढचं आपल्याला माहीत आहे. सलाईनची बाटली लावायला आपण देवाच्या तसबिरीची खुंटी मोकळी केलीत, ती तसबीर अजून खालीच आहे. कुणी वर लावली नाही.

टिपणीस काल भेटायला आले होते. जाताना मला दाराशी घेऊन म्हणाले, "इंजेक्शन एकही चुकलेलं नाही. मीठ चालू होतं. मग एका तापाने ती अशी कोसळायला नको होती. मला याचा उलगडा होत नाही." मलाही होत नाही. आपल्याला होत असेल तर लिहा. मी लहान मूल नाही.

माई अजून अळणीच जेवते. मी म्हटलं, आता कुणासाठी? ती म्हणाली, "चार महिने म्हटले होते. देवाने दिलं नाही म्हणून मी फिरायचं का?" ती फार वाळली आहे.

मधुसूदन

* * *

ठाणे
१८ सप्टेंबर १९५२

मधुसूदनराव,

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. हे पत्र वाचून बंबात घाला.

मी आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही स्टेशनावर बर्फ आणायला गेला होता आणि माई देवघरात होत्या. हेमा शुद्धीवर आली. मी विचारलं, मीठ घेत होतीस ना? तिने मान हलवली, नाही म्हणून. मग म्हणाली, "श्रावण लागायच्या आधीपासून नाही. मोरीत ओतत होते. माई माझ्यासाठी खात नाहीत आणि मी त्यांच्यासमोर मीठ खात बसू? जेवणातही मीठ घालायच्या आधी माझं वेगळं काढून घ्यायचे. मला वाटलं, इंजेक्शन आहे, भागेल. एवढं बरं वाटत होतं ना, ताई." थोड्या वेळाने म्हणाली, "माईंना सांगू नकोस. त्या मरतील." ते तिचं शेवटचं सरळ बोलणं.

ते इंजेक्शन अंगातलं मीठ धरून ठेवतं. धरायला मीठच नसेल तर ते काय करणार? त्यात ताप आला. मी बाटलीतून घालत होते ते फार उशिरा होतं.

तिचं ऑगस्टचं पत्र माझ्यासमोर आहे. हात काळवंडलेत, असं तिने लिहिलं होतं. मी ते दोन बाळंतपणांच्या मध्ये वाचलं, आणि गौरीनंतर जाऊ असं ठरवलं.

कॉर्टिझोन सरांना परवा मिळालं. त्यांनी ते दुसऱ्या रुग्णासाठी ठेवून घेतलं.

माईंना ह्यातलं काही कळू द्यायचं नाही. हेमाने मागितलेली तेवढीच गोष्ट आहे.

प्रमोदिनी

* * *

कल्याण
५ ऑक्टोबर १९५२

प्रमोदिनीस आशीर्वाद.

मला लिहायची सवय नाही. चुका होतील, सांभाळून घे.

तुझं पत्र आलं ते मधूने वाचून बंबात घातलं. तो लहानपणापासून काही लपवायचं असलं की पाणी पितो. त्या दिवशी तांब्या संपवला. मी त्याला विचारणार नाही. बायको गेली त्याची, आता आईकडे बघताना डोळे चुकवायला लागले तर कसं व्हायचं.

पाऊस संपला. मोरी वाळली. कडेच्या दगडावर पांढरं फुटलं होतं. मला वाटलं भिंतीचा चुना. बोट लावून जिभेवर ठेवलं. मीठ आहे. तीन महिने माझ्या जिभेला मीठ लागलं नव्हतं, मला चुकायचं नाही.

मग मला तिचं पान आठवलं. माझ्याबरोबर जेवायला लागल्यापासून ती आमटी आपल्या हाताने वेगळी काढून घ्यायची. मी म्हणायची, किती गुणी पोर, माझी वाढायची दगदग वाचवते.

आता तू सांग. मी मीठ सोडलं म्हणून तिने सोडलं का? आणि त्याने ती गेली का? मधू सांगणार नाही. टिपणीसांना विचारलं, ते म्हणाले देवाची इच्छा. ते डॉक्टर आहेत, मी त्यांना देवाचं विचारलं नव्हतं.

तू मला खोटं लिहू नको. मोठ्या अक्षरात लिही. मी माझी वाचीन.

माई

* * *

ठाणे
९ ऑक्टोबर १९५२

माई,

मोठ्या अक्षरात लिहिते आहे. पानं जास्त होतील.

तुमचं पत्र मंगळवारी आलं. दोन दिवस मी खोटं उत्तर मनात जुळवत होते. ते चांगलं जुळलंही होतं. पण तुम्ही मोरीच्या दगडावर बोट ठेवून बघितलंत, त्यानंतर तुम्हाला खोटं लिहिणं मला जमायचं नाही. हेमाने मला तुम्हाला सांगू नको म्हटलं होतं. मी तिचं ऐकत नाहीये.

हो. तुम्ही अळणी जेवत होता म्हणून तिला मीठ गिळवेना. तिने ते सोडलं, आणि लपवलं. मीठ चालू असतं तर त्या तापातून मी तिला बहुतेक बाहेर काढलं असतं. बहुतेक म्हणते, कारण नक्की मला माहीत नाही.

आता जे तुम्हाला कुणी सांगितलं नाही तेही सांगते. तिचा आजार जाणारा नव्हता. काही वर्षं मिळाली असती, फार नाहीत. मूल होणार नव्हतं. हे मधुसूदनरावांना आणि मला माहीत होतं. तिने मला विचारलं होतं, मूल होईल का, आणि मी लिहिलं, सगळं होईल. तिने मला लिहिलं, मीठ घेते. आणि तुमच्या व्रताचं तिने कळवलं तेव्हा, धरू दे त्यांना, असं मीच तिला लिहिलं. ती घास गिळता येत नाही म्हणत होती, आणि मी दाब आणि चमचे मोजत होते.

तुम्हाला काही माहीत नव्हतं, माई. जाणून केलेलं ह्यात तुमचं काही नाही. पण तुम्ही विचारलंत ते घडलं का, तर हो, घडलं. दोन्ही खरं आहे. एकाने दुसरं पुसलं जातं असं मी म्हणणार नाही, कारण माझ्याही बाबतीत ते पुसलं जात नाही.

ती मला एकदा म्हणाली होती, आई म्हटलं की मला माईंचा आवाज ऐकू येतो. ते तुम्हाला कळायला हवं म्हणून लिहिते.

मी रविवारी सकाळच्या गाडीने येते. व्रत मोडा असं सांगायला येत नाही. कार्तिकीपर्यंत तुमचं तुम्ही पुरं करा. मधुसूदनरावांना आमटी वेगळी करा, त्यांना उपाशी ठेवू नका. माझ्यासाठी काही वेगळं करू नका, तुम्ही खाता तेच मी खाईन. फक्त माझं पान समोर मांडू नका. शेजारी मांडा.

प्रमोदिनी